परीक्षकांनी अंक वाचला, याचा पुरावा काय?

पत्र

गेली नऊ वर्षं मी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचं काम बघते. दर वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला माझा अंक जातो. तीनदा उत्तेजनार्थ मिळालं, बाकी काही नाही. यंदा निकालाच्या बैठकीत मी उभी राहून विचारलं, की परीक्षकांनी अंक वाचले तरी का? माझ्या अंकात मुलांच्या कथा उत्तम होत्या. पहिला आला तो मात्र गुळगुळीत कागदाचा, अर्धाअधिक अहवालांनी आणि फोटोंनी भरलेला. निकालासोबत एका ओळीचा शेरासुद्धा नव्हता. यावर समितीने काय करावं? पुढच्या वर्षीची स्पर्धा माझ्याच गळ्यात घातली! ३८ महाविद्यालयं आहेत, परीक्षक आजवर तीनच असायचे, हाताशी पैसा बेताचा. माझा अंक त्या स्पर्धेत ठेवावा की नाही, इथपासून प्रश्न आहेत. गुणपत्रक कसं करू? परीक्षक कोण घेऊ? माझ्या अंकावर झाला तसा अन्याय कुणावर होऊ नये, एवढीच इच्छा.

– एक प्राध्यापिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

जो ओरडेल त्याच्याच गळ्यात काम घालायचं, ही समित्यांची जुनी खोड आहे. या वेळी तिच्यातून काही बरं निघेल, असं तुमचं पत्र वाचून वाटलं.

सोपा प्रश्न आधी उरकतो. आयोजन तुमच्याकडे आहे तोवर तुमच्या महाविद्यालयाचा अंक बक्षिसाच्या शर्यतीत नको. पण तो इतरांच्या अंकांसारखाच परीक्षकांकडे जाऊ द्या आणि त्यावर शेरा लिहून घ्या. तुम्ही आयोजक झालात, यात तुमच्या मुलांचा काय दोष?

आता बैठकीतला प्रश्न. अंक वाचले तरी का? नसणार. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण असं परीक्षण मी स्वतः केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. लांबलचक टेबल, त्यावर तीसेक अंकांची चळत, आम्ही तिघं, आणि चार वाजता निकाल हवा. मी अंक उचलायचो, हातात तोलायचो, मुखपृष्ठ बघायचो, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायचो, संपादकीयाचा पहिला परिच्छेद आणि मधल्याच दोन कविता वाचायचो. झालं. 'मांडणी' वीसपैकी सतरा.

त्या चळतीत एक किडकिडीत अंक होता, स्टेपलच्या पिना मारलेला, एकरंगी रेखाटनाचं मुखपृष्ठ. आत एका कवितेखाली टंकलिखित चिठ्ठी डकवलेली: 'वरील कवितेत तिसऱ्या ओळीत "नदी" ऐवजी "नाडी" छापले गेले आहे. कवयित्रीची क्षमा मागतो. – संपादक मंडळ.' ही चिठ्ठी मुलांनी प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवलेली असणार. काही प्रतींत डिंक बाहेरही आला असेल, आमच्या प्रतीत आलाच होता. एका शब्दासाठी आणि एका कवयित्रीसाठी कुणीतरी एवढं बसून केलं होतं. आणि मी काय केलं? 'मुद्रणदोष' या रकान्यात दोन गुण कापले. चिठ्ठी नसती तर ती चूक माझ्या लक्षातही आली नसती. हे आठवलं की आजही ओशाळायला होतं.

म्हणून परीक्षकांच्या सचोटीला बोल लावण्याआधी हिशेब करू. १२० पानांचा अंक जरा मन लावून वाचायला दोन तास धरा. ३८ अंकांचे झाले ७६ तास. रोज तीन तास बसलं तरी पंचवीस दिवस पुरत नाहीत. हे तीन माणसांनी, नोकरी सांभाळून, नाममात्र मानधनात केलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणसं अप्रामाणिक नव्हती. त्यांना दिलेलं कामच न होण्यासारखं होतं.

ते होण्यासारखं करा. तीनऐवजी पंधरा परीक्षक घ्या आणि प्रत्येकाला आठच अंक द्या. प्रत्येक अंक तिघांनी वाचायचा म्हटलं तर एकूण ११४ वाचनं होतात. पंधरा गुणिले आठ म्हणजे १२०, तेव्हा बसतं. शिवाय अख्खा अंक वाचायची सक्ती नको. संपादकीय, अनुक्रमणिका आणि श्रेयनामावली सगळ्यांनी वाचायची. त्यानंतर सहा लेखनं: तीन अंकाच्या विद्यार्थी संपादकांनी स्वतः निवडून पाठवलेली आणि तीन तुम्ही अनुक्रमणिकेतून चिठ्ठी टाकून काढलेली, तिघा परीक्षकांना तीच. निवडलेल्या तीनवरून अंकाची उडी कळेल, चिठ्ठीतल्या तीनवरून त्याची सरासरी. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर भरतीचा मजकूर किती, हेही आपसूक कळेल. असं वाचन अंकामागे तासाभरात होतं, म्हणजे एका परीक्षकाचे दोन रविवार.

पंधरा माणसं आणायची कुठून? माजी विद्यार्थी संपादक, ग्रंथपाल, मुद्रितशोधक, नियतकालिकांत मजकूर तपासणारे, निवृत्त भाषाशिक्षक. नामवंत लेखकच हवा हा हट्ट सोडा. नामवंत लेखक व्यासपीठावर शोभून दिसतो, पण दुसऱ्याच्या अंकाची अनुक्रमणिका निरखायला त्याला क्वचितच सवड असते. (काही सन्माननीय अपवाद माझ्या ओळखीचे आहेत. तेही नकार देतात, कारण त्यांना हे काम किती मोठं आहे ते माहीत असतं.) कुणालाही स्वतःच्या महाविद्यालयाचा अंक जाणार नाही एवढं बघा. आणि आठ अंकांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा लावून द्या. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तिथे वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही अंतिम फेरीत पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या वाट्याला वरचा क्रमांक कमी येतो, असं त्यात दिसलं. तिथे कान तयार असलेल्यांची ही गत, तर चळतीतल्या पहिल्या अंकाचं काय होत असेल!

गुणपत्रकाकडे वळू. आजचं गुणपत्रक बहुतेक असं असणार: मुखपृष्ठ, छपाई, मांडणी, साहित्य, एकूण प्रभाव. यात कागदाला तीनदा गुण मिळतात. मुखपृष्ठात एकदा, छपाईत एकदा, आणि 'एकूण प्रभाव' तर निम्मा कागदाचाच असतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले होते. बुद्धी, नेतृत्व, शरीरयष्टी, स्वभाव यांचे वेगवेगळे गुण द्यायचे होते, पण ते सगळे एकमेकांच्या मागून चालत होते. एका बाबतीत चांगलं मत झालं की बाकीचे गुण त्या मताच्या ओढीने वर जातात. गुळगुळीत कागदाच्या अंकातली कथा तशीच जरा बरी वाटायला लागते.

यावर उपाय साधा आहे. सहा लेखनं आणि संपादकीय यांची साधी काळी-पांढरी प्रत किंवा पीडीएफ आधी पाठवा, महाविद्यालयाचं नाव झाकून. साहित्याबद्दलचं मत लिहून तुमच्याकडे आलं की मगच छापील अंक हातात द्या. मांडणीचे गुण मग 'वाचायला मदत होते का', 'रेखाटन त्या कथेसाठी काढलं आहे की कुठूनही उचललं आहे', 'अक्षर डोळ्याला त्रास देतं का' एवढ्यावरच. कागद, रंगीत पानं, बांधणी यांना शून्य गुण, आणि तसं नियमावलीत छापून टाका. पैसा संस्थेचा असतो, त्याचं बक्षीस मुलांना कशाला? अहवाल आणि फोटो असू देत, संस्थेला ते लागतात. परीक्षणात फक्त ते मोजू नका.

माझ्या मते निम्मं वजन साहित्याला, पाव संपादनाला, पाव मांडणी-चित्रांना. पण हे आकडे हातात आले की लोकांना ८७.२५ विरुद्ध ८७.५० करायची हौस सुटते, त्या वाटेला जाऊ नका. १९६१ साली अमेरिकेत एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. त्यांत भाषेचे प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील, शास्त्रज्ञ आणि व्यवसायातले लोकही होते. एकच सूचना: गुणवत्तेप्रमाणे नऊ गठ्ठे करा. निकाल असा, की १०१ निबंध सगळ्या नऊ गठ्ठ्यांत जाऊन बसले, म्हणजे कुणाला सर्वोत्तम वाटले, कुणाला टाकाऊ. पाचपेक्षा कमी गठ्ठ्यांत पडलेला निबंध एकही नव्हता. संशोधकांनी खोदून बघितलं तर वाचकांचे साधारण पाच संप्रदाय निघाले: कुणी विचार बघत होतं, कुणी रचना, कुणी शब्दकळा, कुणी व्याकरण-शुद्धलेखन, तर कुणाला लिहिणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व भावत होतं.

यावरून परीक्षण हा जुगारच, असा अर्थ काढू नका. त्या ५३ जणांना काय बघायचं ते सांगितलंच नव्हतं. तुमच्या पंधरा जणांना सांगता येईल. त्यासाठी परीक्षण सुरू होण्याआधी एक दुपार राखून ठेवा. स्पर्धेबाहेरचे दोन जुने अंक घ्या, सगळ्यांनी वाचून मतं लिहा आणि मग मोठ्याने भांडा. 'याला तुम्ही वरची श्रेणी का दिलीत?' हा प्रश्न एकमेकांना विचारून झाला की कोण कुठल्या संप्रदायाचा ते उघड होतं. त्यानंतर एकाच अंकावर तिघांचं मत फार फाटलं तर सरासरी काढू नका. त्या तिघांना फोनवर बोलायला लावा. ज्या अंकावरून वाचक भांडतात तो बहुधा लक्षात ठेवण्यासारखा असतो, आणि सरासरीने नेमका तोच मधल्या ढिगात गाडला जातो.

क्रमांकांबद्दल माझं मत टोकाचं आहे. शक्य असेल तर पहिला-दुसरा-तिसरा बंदच करा आणि श्रेणी द्या. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद १९८४ पासून विद्यार्थ्यांच्या साहित्यिक नियतकालिकांसाठी असा उपक्रम चालवते. तिथे चांगल्या ठरलेल्या सगळ्या अंकांना श्रेणी मिळते, एकाला वर चढवण्यासाठी दुसऱ्याला खाली ओढावं लागत नाही. कोलंबिया विद्यापीठातली १९२५ साली स्थापन झालेली शालेय पत्रकारिता संघटना तर दोन कामं निरनिराळी ठेवते: अंकाची लेखी, तपशीलवार समीक्षा वेगळी आणि तुलनेने द्यायचा सन्मान वेगळा. समितीला फिरती ढाल सोडवत नसेल (नसेलच, ढालीवर जुन्या विजेत्यांची नावं कोरलेली असतात), तर ती एका कामापुरती ठेवा. 'सर्वोत्कृष्ट संपादन' म्हणा आणि बाकीच्यांना श्रेणी द्या.

संपादन म्हणजे काय आणि ते परीक्षकाला दिसणार कसं, इथे खरी मेख आहे. छापून आलेल्या अंकात संपादन दिसत नाही. काय नाकारलं, काय कापलं, कुणाला पुन्हा लिहायला लावलं, हे सगळं पानांच्या मागे राहतं. म्हणून प्रत्येक अंकासोबत विद्यार्थी संपादकांनी लिहिलेलं एका पानाचं टिपण सक्तीचं करा. त्यात त्यांनी सांगायचं, की साहित्य किती आलं आणि किती घेतलं. निवड कुणी केली, मतदानाने की चर्चेने. मंडळात ज्यावरून वाद झाला असं एक लेखन कुठलं आणि वाद काय होता. शिक्षकांनी नेमकं काय केलं. आणि एका लेखनाचे दोन खर्डे जोडायचे, हाती आला तो आणि छापला तो.

या पानावरून जेवढं कळतं तेवढं १२० पानांवरून कळत नाही. 'सर्व साहित्य दर्जेदार असल्याने सर्वांना स्थान दिले' असं कुणी लिहिलं तर समजा, तिथे संपादन झालंच नाही. या उलट एखाद्या टिपणात 'या कथेचा शेवट आम्ही कापायला सांगितला, लेखकाने ऐकलं नाही, शेवटी तशीच छापली; आता वाटतं त्याचंच बरोबर होतं' असं वाक्य आलं, तर त्या मंडळाला मी डोळे झाकून वरची श्रेणी देईन. अंक काढताना शिकायचं असतं ते हेच. आणखी एक फायदा: उचललेल्या कविता आणि एआयकडून लिहून घेतलेल्या कथा पकडायला यंत्रं वापरण्यापेक्षा हे दोन खर्डे जास्त कामाला येतील. यंत्र निरपराध मुलालाही चोर ठरवू शकतं. खर्ड्यावरची खाडाखोड बघितली की बहुतेक वेळा उलगडा होतो, आणि तरी शंका उरली तर मुलाशी बोला.

हस्तलिखितं आणि केवळ ऑनलाइन निघणारे अंक यांचे वेगळे गट करा. त्यावर अधिक काही सांगण्यासारखं नाही.

शेऱ्याबद्दल मात्र सांगायचं आहे, कारण तुमची सगळ्यात खरी तक्रार तीच आहे. परीक्षकाने प्रत्येक अंकावर निदान पाच-सहा वाक्यं लिहिलीच पाहिजेत आणि त्यांत किमान दोन पान क्रमांक आले पाहिजेत. ज्या शेऱ्यात पान क्रमांक नाही तो सरळ परत पाठवा, मग लिहिणारा कितीही मोठा असो. 'अंक देखणा झाला आहे, विषयांची विविधता आहे, मुद्रणदोष टाळावेत' हा शेरा जगातल्या कुठल्याही अंकाला लागू पडतो. त्याऐवजी असा शेरा विचारात घ्या: 'पान ३१ वरच्या कथेत आजी बोलायला लागते तिथे कथा उभी राहते, पण आधीची दोन पानं लेखक फक्त घसा खाकरतो आहे. संपादकांनी ती कापायला सांगायला हवी होती. पान ५८ ते ६६ सलग आठ-नऊ कविता एकाच सुरातल्या आहेत, मध्ये गद्य घातलं असतं तर शेवटच्या दोन वाचल्या गेल्या असत्या.' यात कौतुक फार नाही. तरी ज्या मुलीने ती कथा लिहिली ती हा कागद वर्षानुवर्षं जपून ठेवेल, कारण अनोळखी माणसाने आपली आजी वाचली, हे तिला कळलं. ढाल काय, प्राचार्यांच्या कपाटात जाते.

आणि तो कागद वेळेत पोचू द्या. निकाल वर्षभराने लागतात तोवर संपादक मंडळातली निम्मी मुलं पास होऊन निघून गेलेली असतात. शेरा कार्यालयात येतो, फाइलला लागतो, संपतो. प्रवेशिकेतच विद्यार्थी संपादकांचे ईमेल मागून घ्या आणि शेरा थेट त्यांना पाठवा, महाविद्यालयाला प्रत. अंक आल्यापासून आठ आठवड्यांत. पंधरा परीक्षक असतील तर हे जमतं. प्रशस्तिपत्रावर महाविद्यालयाच्या नावाबरोबर मुलांची नावं आणि त्यांनी केलेलं काम लिहा: निवड, मुद्रितशोधन, रेखाटन, मांडणी. मुद्रितशोधन करणाऱ्या मुलाचं नाव आयुष्यात एकदा तरी व्यासपीठावरून घेतलं जाऊ दे. बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या भाषणाला दहा मिनिटं द्या आणि उरलेल्या वेळात अंकांतली चार-पाच लेखनं मुलांनाच वाचू द्या. याला खर्च काहीच नाही, फक्त पाहुणे जरा नाराज होतील.

एक गोष्ट शेवटी सांगावी की नाही, असा विचार करत होतो. तुमच्या छोट्याशा पत्रात 'माझा अंक' चारदा आला आहे. मुलांच्या कथा उत्तम होत्या असं तुम्ही लिहिलंत, पण निवड कुणी केली, संपादकीय कुणी लिहिलं, याचा उल्लेख नाही. नऊ वर्षं एखादं काम जीव लावून केलं की ते आपलं वाटायला लागतं, हे मी समजू शकतो. कदाचित हा नुसता बोलण्याचा भाग असेल. पण तुमच्या नव्या नियमांत ते एका पानाचं टिपण असेल, आणि ते ३७ महाविद्यालयांकडून मागण्याआधी आपल्या घरी करून बघायला हवं. नियमावलीची बैठक घेण्यापूर्वी तुमच्या मागच्या अंकाच्या विद्यार्थी संपादकांना बोलवा, वरचे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा आणि टिपण लिहायला सांगा. 'शिक्षकांनी नेमकं काय केलं' हा प्रश्नही गाळू नका. ते लिहीत असतील तेव्हा तुम्ही मात्र खोलीबाहेर थांबा.